सरांना बोलते कसे करावे?
नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका (फक्त बीड जिल्ह्यात वैध)

कोणासाठी

विद्यापीठात शिकवणे म्हणजे काय आणि संशोधन कशाशी खातात, हे ज्यांना ते करणाऱ्याच्याच तोंडून ऐकायचे आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. नव्याने रुजू झालेले वार्ताहर, एम.एस्सी. होऊन 'आता पुढे काय' म्हणत घरी बसलेली मुले-मुली, आणि ज्यांच्या मुलीला प्राध्यापकाचे स्थळ सांगून आले आहे ते वडील, या तिन्ही गटांना ती उपयोगी पडेल. तिसऱ्या गटाने मधले सगळे सोडून थेट 'तासिका तत्त्व' या भागाकडे जावे. मुहूर्त थांबत नाहीत.

लागणारे साहित्य फार नाही. एक वही, पेट्रोल असलेली दुचाकी आणि कॉलेजातल्या एका शिपायाची ओळख. सरांचा खरा ठावठिकाणा शिपायाला माहीत असतो, वेळापत्रकाला नसतो. रेकॉर्डर नेऊ नये. टेबलावर रेकॉर्डर दिसला की साधी गप्पा मारणारी व्यक्ती घसा खाकरते, पाठ ताठ करते आणि 'आजच्या स्पर्धेच्या युगात' इथून सुरुवात करते. मग अर्धा तास गेला म्हणून समजा.

पूर्वज्ञान

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत, कॉलेजे मोजायला बसू नये इतकी आहेत, आणि विद्यापीठ मात्र एकही नाही. ते आहे छत्रपती संभाजीनगरला. बीडकरांना सव्वाशे किलोमीटरवर, आणि अंबाजोगाई-परळीकरांना दोनशेच्याही पुढे. 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्याआधी, निजामाच्या काळात, या भागातल्या मुलाला पदवी हवी तर राजधानीत, हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठात जावे लागे आणि तिथे माध्यम उर्दू. धारूरच्या पोराने घरी मराठी आणि शाळेत उर्दू अशी दुहेरी कसरत केली. 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाल्यावर जुन्याकडे चार जिल्हे उरले. बीड त्यातला एक.

हे एवढे कशासाठी सांगितले? तर संशोधनाची नोंदणी, सादरीकरण, प्रगती अहवाल, शुल्क, व्हायवा यांपैकी कशाचेही नाव निघाले की सरांच्या चेहऱ्यावर आधी एस.टी. स्टँड दिसतो. त्याचे कारण नवशिक्याला ठाऊक असावे.

पायरी पहिली: गाठावे कुठे

स्टाफरूममध्ये गाठू नये. तिथे चार सर असतात आणि चौघे एकमेकांना ऐकू जाईल असेच बोलतात. केबिनमध्येही नको. केबिनमध्ये फाइल असते आणि फाइल उघडी असली की बाहेरचा शिपाई आधीच सांगतो, "सर नॅकचं करायलेत." हे वाक्य ऐकले की परत फिरावे. नॅक ही संस्था 1994 साली बंगळुरूला निघाली, कॉलेजांची गुणवत्ता तपासते, आणि आजवर सात निकष लावून ग्रेड देत आली. तिची समिती येण्याआधी कॉलेजला रंग लागतो, बंद पडलेला वॉटर कूलर चालू होतो, आणि पाच वर्षांत न झालेल्या पालक-सभांची इतिवृत्ते एका आठवड्यात एकाच निळ्या पेनाने लिहून होतात. सगळीकडे असेच घडते असे नाही. काही ठिकाणी पेन दोन रंगांचे वापरतात.

उत्तम जागा दोन. एक म्हणजे प्रयोगशाळेच्या मागची खोली, जिथे काचसामान, जुने मायक्रोस्कोप आणि चहाची शेगडी एकत्र नांदतात. दुसरी म्हणजे अपडाउनची गाडी. जिल्ह्यातले पुष्कळ सर अपडाउन करतात. बीडहून गेवराई, अंबाजोगाईहून परळी, केजहून धारूर. शेजारची सीट मिळाली तर उतरेपर्यंत माणूस तुमचा. उठून जाणार कुठे?

पायरी तिसरी: काय विचारू नये

(पायरी दुसरी निकष क्रमांक तीनच्या फाइलला जोडलेली असल्याने सध्या उपलब्ध नाही.)

पहिला निषिद्ध प्रश्न: "नोकरी लागताना किती लागले?" उत्तर सगळ्या जिल्ह्याला अंदाजाने माहीत आहे, विचारून नवीन काही कळत नाही, आणि चहा तेवढा जातो.

दुसरा: "दिवसाला दोनच तास असतात ना तुम्हाला?" विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला प्रत्यक्ष अध्यापनाचे 16 तास आणि वरच्या पदांना 14 तास सांगितले आहेत. याशिवाय प्रवेश, परीक्षा, पेपर तपासणी, मतदार यादी, एन.एस.एस.चे शिबिर, आणि नव्या शैक्षणिक धोरणाने आणलेले मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस आणि सीसी. या अक्षरांचे पूर्ण रूप विचारून कोणत्याही सरांना अडचणीत आणू नये. त्यांनाही नुकतेच कळले आहे.

तिसरा प्रश्न दिसायला निरागस आहे, पण तो सर्वांत घातक. मराठीच्या सरांना अंबाजोगाईत चुकूनही विचारू नये, की मुकुंदराज इथले की आंभोऱ्याचे. 'विवेकसिंधु' शके 1110 मधला म्हणतात, म्हणजे इसवी सन 1188. तो मराठवाड्यातल्या अंबाजोगाईत लिहिला गेला की विदर्भात वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याला, हा वाद अभ्यासकांत जुना आहे. काळाबद्दलही शंका घेणारे आहेत. पण हा प्रश्न अंबाजोगाईत, तोही समाधीपासून हाकेच्या अंतरावर उभे राहून विचारलात, तर परतीची गाडी चुकली. रात्री मुक्कामाची तयारी असेल तर खुशाल विचारा; गप्पा फार रंगतात.

गुणांचा हिशेब

नवशिक्याला वाटते की संशोधन म्हणजे शोध. तसे ते आहे, पण 2010 पासून त्याचा हिशेबही आहे. त्या वर्षी आयोगाने एपीआय नावाची गुणपद्धती आणली: शोधनिबंधाला इतके गुण, पुस्तकाला इतके, परिषदेत निबंध वाचला की इतके. नंतर तक्ते बदलले, 2018 ला पुन्हा बदलले, पण सर लोक आजही 'एपीआय भरला का?' असेच विचारतात.

गुण लागतात म्हटल्यावर ते पुरवणारे दुकान उघडणारच. 'आंतरराष्ट्रीय' आणि 'बहुविद्याशाखीय' हे दोन शब्द नावात असलेली नियतकालिके गल्लोगल्ली निघाली. पैसे भरा, चार दिवसांत छापून घ्या. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या यादीत गेलेली नियतकालिके तपासली. तपासलेल्यांपैकी 88 टक्के निकृष्ट निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने आपल्याच यादीतून 4,305 नियतकालिके एका फटक्यात काढली. मग 'केअर' नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली, आणि चांगले-वाईट ठरवण्याचे काम आता संस्थांनीच करावे असे सांगण्यात आले. म्हणजे इतकी वर्षे यादी बघून निबंध पाठवायला शिकलेल्या माणसाला सांगितले, की बाबा रे, आता वाचून ठरव.

अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या शतकातल्या या कवीने सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर पंचीकरणासारखा अवघड विषय आकृत्यांसह लिहून काढला. ती पाहायला गेलात तर सोबतच्या सरांना हळूच विचारा, याला किती गुण? आयएसएसएन नाही, सहलेखक नाही, समीक्षक समिती नाही. शून्य. हा विनोद सरांना आवडतो. बहुतेक वेळा तिथूनच ते मोकळे बोलू लागतात.

पीएच.डी.चा भाग थोडक्यात. पेट ही प्रवेश परीक्षा किंवा नेट-सेट, मग सिनॉप्सिस, मग आरआरसी या विद्यापीठाच्या समितीपुढे सादरीकरण, मग कोर्सवर्क, मग सहामाही अहवाल. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चारच विद्यार्थी घेता येतात, म्हणून गाइड मिळवणे हा स्वतंत्र संशोधनविषय आहे. प्रबंधात दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालते. साठाच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. शेवटी खुली मौखिक परीक्षा, शाल-श्रीफळ, पेढे, आणि दुसऱ्या दिवशी गावच्या चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर प्रबंधाचे नाव कधीच नसते. आमदारांचा फोटो असतो.

खरा प्रश्न

आता मुद्द्यावर येऊ. इथवर सरांनी जे सांगितले ते कोणीही सांगितले असते. एपीआय, नॅक, संस्था, पगार, पोरं वाचत नाहीत. पाठ झालेले असते. त्यांना खरे बोलते करायचे तर एकच प्रश्न आहे, आणि तो प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीतच विचारायचा: "सर, त्या बाटलीत काय आहे?"

बाटली असतेच. फडताळात, खिडकीत, टेबलाखाली. लेबल पिवळे पडलेले, त्यावर तारीख आणि गावाचे नाव.

समजा बाटली तीनशे मिलिलिटरची, घासलेल्या काचेच्या बुचाची आहे. मग सर पाण्यावर काम करणारे आहेत. आपल्याकडे धरणे आहेत: सिंदफणेवर माजलगाव, मांजरेवर धनेगाव, बीडशेजारी बिंदुसरा. पाण्याचे भौतिक-रासायनिक गुणधर्म हा आमच्याकडचा इतका नेहमीचा विषय, की दुसऱ्या शाखेचे लोक त्याची टिंगल करतात: "धरण दिसलं की यांचा पीएच.डी." टिंगल करणाऱ्याने एकदा सकाळी सोबत जावे. सर गुडघाभर पाण्यात उतरतात, बाटली पाण्याखाली तिरपी धरतात, बुडबुडा आत जाऊ देत नाहीत. बाहेर आणून दोन मिलि मँगनस सल्फेट, दोन मिलि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड, बूच लावून उलटसुलट. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो. नसेल तर पांढराच राहतो. मग बाटल्या पिशवीत घालून मोटारसायकलवर कॉलेज, तिथे सल्फ्युरिक ॲसिड टाकले की साका विरघळून पाणी पिवळे, थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचे, स्टार्चचे दोन थेंब टाकले की गडद निळे, आणि पुढच्या एखाद्या थेंबाला सगळे निळेपण एकदम नाहीसे. त्या थेंबाला ब्युरेटवर आकडा वाचायचा. लिटरला सहा-सात मिलिग्रॅम आला तर तळे बरे आहे. चारच्या खाली घसरला तर मासळीचे हाल, आणि काठच्या भोई कुटुंबांचेही.

ही रीत बुडापेस्टच्या लायोश विंकलर या विद्यार्थ्याने 1888 साली आपल्या डॉक्टरेटच्या कामात काढली. तिच्यात थोडी सुधारणा झाली, अझाइड नंतर आले. पण माजलगावच्या काठावर चिखलात उभे असलेले सर जे करतात ते मुळात तेच. हे सांगताना सरांचा आवाज बदलतो. मघाशी नॅकबद्दल बोलणारा माणूस हा नव्हेच.

आता बारकाईचा प्रश्न. "सर, नमुना दर महिन्याला घेता, तर 2016 साली काय केलं?" त्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. दोन वर्षांच्या मासिक नोंदी हा ज्याच्या प्रबंधाचा कणा, त्याच्या तक्त्यात मार्च-एप्रिल-मे रिकामे राहिले तर? बाहेरचे परीक्षक रिकाम्या चौकटीला उणीव म्हणतील. माझ्या मते तक्त्यातली सर्वांत महत्त्वाची नोंद तीच. पण हे मत आरआरसीपुढे मांडू नये.

याच जातीचा एक सोपा सराव बीड शहरात करता येतो. खजाना विहीर दाखवणारा प्रत्येक जण सांगतो की मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने बांधलेल्या या विहिरीची पातळी दुष्काळातही हलत नाही. ऐकून मान डोलवावी आणि शांतपणे विचारावे, "कोणी मोजली?" सांगणारा गप्प झाला तर तो सामान्य नागरिक. 'कोणत्या महिन्यात, कोणत्या खुणेपासून?' असे त्याने उलट विचारले तर तो भूगोलाचा सर. त्याला सोडू नका.

दुसरी बाटली

फॉर्मलिनचा वास आला तर समजावे, प्राणिशास्त्र. आणि मराठवाड्यातले प्राणिशास्त्र म्हटले की बऱ्याचदा पट्टकृमी. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातून गेली कित्येक दशके या विषयावर शिष्यांची परंपरा चालत आली आणि तालुक्याच्या कॉलेजांपर्यंत पोहोचली. शेळी-मेंढीच्या आतड्यातले मोनिएझिया, वाम माशातले सेंगा, मांगूरमधले लायटोसेस्टस. नावे ऐकूनच श्रोते उठतात. तुम्ही उठू नका.

रविवारी सकाळी एक सर खाटकाच्या दुकानात उभे असतात. गळ्यात तुळशीची माळ. खाटीक ओळखीचा. "सर, वजडी करायलेत का काय घरी?" "नाही रे बाबा, प्रॅक्टिकलला." आतडे ट्रेमध्ये लांब चिरायचे, पाण्यात धुवायचे. पायजम्याच्या नाडीसारखा पांढरट चपटा कृमी सैल होऊन तरंगू लागतो, कधी मीटर, कधी तीन मीटर. तो काचेच्या दोन पट्ट्यांत दाबून चपटा करायचा, चार टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवायचा, हॅरिस हिमॅटॉक्सिलिनने रंगवायचा, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून न्यायचा, झायलॉलमध्ये पारदर्शक करायचा आणि डीपीएक्समध्ये काचपट्टीवर कायमचा बसवायचा. मग कॅमेरा ल्युसिडा लावून एकाच डोळ्याने कृमी आणि कागद एकावर एक बघत चित्र काढायचे. मोनिएझियाच्या प्रत्येक खंडात जननेंद्रियांचे दोन संच असतात, ते मोजायचे. डोके कसे, चूषक किती मोठे, वृषणे किती, हे सारे मिलिमीटरच्या दशांशात.

याचा उपयोग काय, असे विचारायचा मोह होईल. विचारा, त्याचे उत्तर आहे. शेळीला हा कृमी होतो कुठून? 1937 साली होरेस स्टंकार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवले, की माती-गवतातले ऑरिबॅटिड नावाचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट त्याची अंडी गिळतात, आणि शेळी गवतासोबत माइट गिळते. बालाघाटाच्या माळावर शेळ्या राखणाऱ्या बाईला हे कोणी सांगितले आहे का? सर जरा थांबतात आणि म्हणतात, "ते आमच्या निबंधात येत नाही." प्रामाणिक उत्तर आहे. लिहून घ्या.

इथेच गुणांचा हिशेब पुन्हा आडवा येतो. नवी जात सापडली की निबंध, निबंध म्हणजे गुण. कृमीचे एक-दोन नमुने, वृषणांची संख्या जरा वेगळी, की नवे नाव. गावाचे, गुरूचे, तालुक्याचे. मांगूर माशातल्या कृमींना भारतात अशी डझनावारी नावे पडली. 2011 मध्ये चेक आणि भारतीय अभ्यासकांनी मिळून ती सगळी पुन्हा तपासली, आणि फक्त मूठभर नावे टिकली. बाकीची एकमेकांत विलीन झाली. हे एपीआयच्या आधीपासून चालू होते, तेव्हा सगळा दोष तक्त्याला देता येणार नाही. पण तक्त्याने त्याला खतपाणी घातले हे सरच सांगतात, फक्त रेकॉर्डर नसेल तर.

आणि तरीही या कामाला हसू नये. चार्ल्स डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षे बार्नॅकल नावाच्या, खडकाला आणि जहाजाला चिकटून बसणाऱ्या जीवांची चिरफाड केली. घरातल्या एका लेकराला वाटे की सगळ्याच बापांचे काम हेच असते. शेजाऱ्यांबद्दल ते म्हणाले म्हणतात, "मग ते त्यांचे बार्नॅकल कुठे करतात?" जातींकडे बारकाईने बघायची त्याची नजर त्या आठ वर्षांत तयार झाली. फरक एवढाच, की डार्विनला पदोन्नती नको होती.

फळे आणि कोयता

कृषी शास्त्रज्ञांना बोलते करणे सोपे. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. 'धारूर-6' हे वाण तिथले. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे गेल्यावर फुलाबद्दल विचारावे. सीताफळाचे फूल आधी मादी असते आणि नंतर नर होते, दोन्ही वेळा जुळत नाहीत, म्हणून फळधारणा कमी. शास्त्रज्ञ मग एका फुलाचे पराग कुंचल्याने दुसऱ्याला लावून दाखवतात. तुम्ही गेलात त्या दिवशी सीताफळ खायला मिळेलच असे नाही.

विज्ञानाच्या वर्गाबद्दल विचारायचे तर दिवाळीनंतर विचारा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि बीडमधून लाखोंनी माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. त्यात प्रथम वर्षाची मुलेही असतात. नियम 75 टक्के हजेरीचा. एप्रिलमध्ये पट्टा पडला की मुलगा येतो, तळहाताला घट्टे, आणि विचारतो, "सर, जर्नल कंप्लीट करून द्यायचं होतं." सर काय करतात, हे विचारू नये. ते काय करतात हे नियमात बसत नाही, आणि ते करतात म्हणून मुलगा पदवीधर होतो.

आणि संशोधनाचे काय? ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली जातात, ही गोष्ट 2019 मध्ये देशभर गाजली. राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडच्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हा प्रश्न आधी वेशीवर टांगला तो कार्यकर्त्या बायकांनी आणि पत्रकारांनी. 2011 च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. असे आकडे ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या समाजशास्त्राच्या, सांख्यिकीच्या सरांना विचारा: तुमच्याकडे किती विद्यार्थी या विषयावर आहेत? उत्तराआधी सर गाइडच्या जागांचा हिशेब सांगतील. तोही ऐकून घ्या. पण प्रश्न पुन्हा विचारा. या एका ठिकाणी मार्गदर्शिका सौजन्य सोडायला परवानगी देते.

तासिका तत्त्व (वधूपित्यांसाठी)

'सीनियर कॉलेजला आहेत' एवढ्यावर थांबू नये. 'फुल टाइम का सीएचबी?' असे स्पष्ट विचारावे. सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या माणसाला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. सुट्टीचे, परीक्षेचे, पावसाने बुडालेल्या तासाचे नाही. वर्ष संपले की नेमणूक संपते, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. बिल निघायला महिने लागतात. त्यांच्यात नेट, सेट, पीएच.डी. झालेली माणसे आहेत, दहा-दहा वर्षे शिकवलेली. मघाची बाटली पुष्कळदा यांचीच असते, कारण पूर्णवेळ सर नॅकमध्ये असतात. मुलगा म्हणून विचाराल तर अशी माणसे कष्टाळू, दारूपासून लांब आणि बोलायला छान. सासरा म्हणून काय ठरवायचे ते तुम्ही ठरवा.

गृहपाठ

प्रबंधांची सॉफ्ट कॉपी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा' या भांडारात ठेवली जाते. ते सर्वांना मोफत खुले आहे. नोंदणी नको, पैसे नकोत. आपल्या तालुक्यातल्या धरणाचे, नदीचे किंवा पिकाचे नाव टाका. पहिले प्रकरण वगळा, तिथे जिल्ह्याचा भूगोल आणि आभार असतात. निरीक्षणांचे प्रकरण उघडा, तक्ता वाचा, रिकामी चौकट शोधा. मग संशोधकाला फोन करा आणि त्या चौकटीबद्दल विचारा. प्रबंध सादर केल्यापासून त्यांना असा फोन आलेला नसतो, म्हणून सुरुवातीला ते तुम्हाला विमा एजंट समजतील. फोन ठेवू देऊ नका.